मुसाफिर की मुकीम?

दरवर्षी पाऊस सुरू झाला, की पदवीचे निकाल हाती घेऊन आपली मुलेमुली मोठ्या शहरांची वाट धरतात. परभणी, बीड, लातूरकडची पुण्याला येतात. रत्नागिरी, रायगडची मुंबईला जातात. काही हैदराबाद आणि दिल्ली गाठतात. कोणाला एम.ए. करायचे असते, कोणाला एम.एस्सी., कोणाला पीएच.डी. शहरातील पहिल्या जुमाची नमाज झाली, की त्यांतील काहीजण इमामापाशी थांबतात आणि एक मसला विचारतात : "हजरत, मी गावापासून इतक्या लांब शिकायला आलो आहे. इथे नमाज कसर करायची, की पूर्ण?"

मसला सोपा आहे. फिक्हच्या कोणत्याही प्राथमिक ग्रंथात त्याचे उत्तर सापडते. परंतु या लहानशा प्रश्नाच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या ठिकाणी मी काही काळच राहणार आहे, त्या ठिकाणाचे मी काही देणे लागतो काय? दोन वर्षांनी मी निघून जाणार. मग हे शहर, हा शेजार, ही भाड्याची खोली, खोलीतील हा सोबती यांच्याशी माझे नाते केवळ सोयीपुरते असावे, की हक्कांचे आणि कर्तव्यांचे? वाचकहो, हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. तो शहरात गेलेल्या मुलाने आणि मुलीने वाचावा, गावी राहिलेल्या आईवडिलांनी वाचावा, आणि ज्यांच्या गल्लीत असा एखादा विद्यार्थी राहायला आला आहे, त्यांनीही वाचावा.

निय्यतीने होणारे वतन

प्रवाशावर शरीअतने मोठी दया केली आहे. हनफी फिक्हनुसार सुमारे ७७ किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस मुसाफिर ठरतो. जुहर, असर आणि इशा यांच्या चार फर्ज रकअतींऐवजी तो दोन अदा करतो. जुमा त्याच्यावर बंधनकारक राहत नाही. रमजानचे रोजे तो नंतर पूर्ण करू शकतो. प्रवासात हाती पैसा उरला नाही, तर गावी मालमत्ता असूनही तो जकातीचा हक्कदार ठरतो. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत वाटसरूचा समावेश आहे.

मात्र या सवलतीला सीमा आहे. एखाद्या गावी पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक राहण्याचा निश्चय केला, की हनफी मतानुसार तो माणूस मुकीम, म्हणजे रहिवासी ठरतो. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफिई फिक्हचे अनुयायी आहेत. त्यांच्या मते येण्याचा आणि जाण्याचा दिवस वगळून चार दिवसांच्या मुक्कामाचा निश्चय त्यासाठी पुरेसा आहे. पंधरा दिवस घ्या की चार, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला विद्यार्थी दोन्ही मतांनुसार मुकीमच आहे. त्याने नमाज पूर्ण अदा करावी.

आता जरा थांबून विचार करा. माणूस मुकीम कशाने ठरला? त्याने शहरात घर विकत घेतलेले नाही. रेशनकार्डावर त्याचा तेथील पत्ता नाही. तेथे त्याचा कोणी नातलगही नाही. तो मुकीम ठरला तो केवळ आपल्या निय्यतीने. फकीहांनी वतनाचे प्रकार सांगितले आहेत. ज्या गावी माणसाचा जन्म झाला, जेथे त्याचे कुटुंब आहे, ते वतन-ए-असली; आणि जेथे त्याने काही काळ राहण्याची निय्यत केली, ते वतन-ए-इकामत. दुसऱ्या प्रकारालाही शरीअतने 'वतन' हाच शब्द दिला आहे, हे विसरता कामा नये.

याउलट ज्याचा निश्चयच होत नाही, "आज निघेन, उद्या निघेन" असे म्हणत जो थांबून राहतो, तो हनफी मतानुसार कितीही काळ लोटला तरी मुसाफिरच राहतो. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) अझरबैजानात बर्फामुळे सहा महिने अडकून पडले आणि तेवढा काळ ते कसर करीत राहिले, अशी नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. त्यांना निघायचे होते. वाट बंद होती. विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याने दोन वर्षांचा प्रवेश घेतला आहे, शुल्क भरले आहे, खोलीचा अकरा महिन्यांचा करार केला आहे. त्याची निय्यत कागदावर उतरलेली आहे. तरीही मनाने तो "उद्या निघणारा"च राहतो. खोलीच्या भिंतीला खिळा ठोकत नाही, शेजाऱ्याचे नाव विचारीत नाही, जिन्यावर कचरा दिसला तर "आपल्याला काय करायचे, आपण कुठे इथले?" म्हणून ओलांडून जातो. नमाज मुकीमाची आणि वागणूक मुसाफिराची, अशी ही विसंगती आहे. जी सवलत नमाजमध्ये आपण मागत नाही, ती माणसांशी वागताना मात्र रोज घेतो.

आपल्या मराठीने या बाबतीत एक सुंदर ठेवा जपला आहे. पत्रावर आपण 'मु. पो.' लिहितो. त्यातील 'मुक्काम' हा शब्द अरबी 'मुकाम'वरून आला. त्याच धातूपासून 'मुकीम' आणि 'इकामत' हे शब्द झाले आहेत, आणि 'कायम' हा शब्दही त्याच कुळातला आहे. कुरआन जेव्हा नमाज कायम करण्याचा आदेश देतो, तेव्हा तोही याच धातूचे क्रियापद योजतो. राहणे, उभे राहणे आणि एखादे कर्तव्य उभे करणे, हे तिन्ही अर्थ एकाच मुळातून निघालेले आहेत. जो एखाद्या ठिकाणी राहतो, त्याने तेथे काहीतरी उभे केले पाहिजे, हे भान त्या शब्दातच आहे.

परक्यासारखे राहणे म्हणजे काय?

येथे एखादा धार्मिक वृत्तीचा तरुण आक्षेप घेईल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या खांद्यावर हात ठेवून, जगात परक्यासारखे किंवा वाटसरूसारखे राहावे, अशी शिकवण दिली होती. सहीह बुखारीतील ही हदीस प्रसिद्ध आहे. मग सारे जगच जर परके, तर दोन वर्षांच्या शहरात जीव कशाला गुंतवायचा?

आक्षेप टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधताना प्रथम हे पाहावे, की ही शिकवण ज्यांना मिळाली, ते कसे जगले. शेजाऱ्याच्या हक्काविषयी हजरत जिब्रील (अ.) इतक्या वारंवार ताकीद देत राहिले, की शेजाऱ्याला वारसा हक्कच मिळणार की काय, असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती सांगणाऱ्यांत हेच अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) आहेत. ज्यांनी परक्यासारखे राहण्याची शिकवण पोहोचविली, त्यांनीच शेजारी जवळजवळ वारसदार असल्याचेही पोहोचविले. त्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही.

विरोध नाही, कारण परकेपणाची शिकवण आपल्या घेण्याविषयी आहे. वाटसरू झाडाखाली बसतो तेव्हा सावलीपुरते घेतो; झाड आपल्या नावावर करून घ्यायला पाहत नाही. त्याची हाव कमी असते, ओझे हलके असते, आणि आपल्याला पुढे जाऊन कोणापुढे तरी उभे राहायचे आहे, हे तो जाणून असतो. यांतील एकही गोष्ट त्याला दुसऱ्याचे देणे बुडविण्याची मुभा देत नाही. उलट ज्याला निघायचे आहे, त्याने हिशेब चुकता ठेवला पाहिजे. मनाने मुसाफिर आणि कर्तव्याने मुकीम, असे त्या शिकवणीचे स्वरूप आहे. आपण नेमके उलट करतो. कर्तव्याच्या वेळी मुसाफिर होतो आणि हाव धरताना मुकीम.

मदीनेचा ताप

नव्या शहरात मन लागत नाही, रात्री घराची आठवण येते, जेवण गोड लागत नाही, हे सांगताना अनेक मुले संकोचतात. विशेषतः मुलगे. जणू आठवण येणे हा ईमानाचा किंवा पुरुषार्थाचा कमकुवतपणा आहे. त्यांनी हिजरतचा इतिहास पुन्हा वाचावा.

मक्केहून मदीनेला आलेल्या सहाबांना तेथील हवा मानवली नाही. हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने फणफणले. ताप उतरला, की बिलाल (रजि.) मक्केच्या खोऱ्यातील गवत, तेथील पाणी आणि डोंगर आठवून व्याकूळ होत. ज्या मक्केत त्यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला गेला होता, त्याच मक्केची ही आठवण! हजरत आयशा (रजि.) यांनी हे प्रेषितांच्या (स.) कानी घातले. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही, सब्र कमी पडल्याचे सुनावले नाही. त्यांनी दुआ केली : मदीना आम्हाला मक्केइतकी, किंबहुना तिच्याहून अधिक प्रिय व्हावी, तेथील हवा निरोगी व्हावी, आणि तेथील साअ आणि मुद यांत बरकत यावी.

साअ आणि मुद ही धान्य मोजण्याची मापे आहेत. नव्या शहरासाठी दुआ करताना प्रेषितांनी (स.) तेथील बाजारातल्या मापांची आठवण ठेवली, याचे मर्म मोठे आहे. शहर प्रिय होते ते त्याच्या रोजच्या व्यवहारातून. कोणत्या वळणावरचा भाजीवाला नीट माप देतो, कोणती बस थेट जाते, फज्रला कोणती मशीद जवळ, कोणत्या खाणावळीत आजारी माणसाला साधा वरणभात मिळतो, हे कळू लागले, की परकेपणाचा ताप उतरू लागतो. घराची आठवण येणे हा गुन्हा नाही. दुआ घराच्या आठवणीसह करायची असते, आणि ती या शहराच्या मापांसाठी करायची असते.

'गरीब' हा शब्दही येथे आठवतो. मराठीत त्याचा अर्थ निर्धन. अरबीत मात्र 'गरीब' म्हणजे परका, आपल्या माणसांपासून दूर असलेला. वर सांगितलेल्या हदीसमध्ये हाच शब्द आहे. परका माणूस खिशात पैसे असतानाही एका अर्थाने निर्धनच असतो. अडचणीत कोणाचे दार ठोठवावे, हे त्याला ठाऊक नसते. हे दारिद्र्य पैशाने फिटत नाही, ओळखीने फिटते.

बाजूला बसलेला सोबती

मग मुकीमाने देणे कोणाचे लागावे? सूरह निसाच्या ३६व्या आयतीत अल्लाहची उपासना आणि आईवडिलांशी सद्वर्तन यांच्या पाठोपाठ ज्यांची यादी आहे, त्यांत नातलग, अनाथ आणि गरजवंत यांच्यासह जवळचा शेजारी आहे, अनोळखी शेजारी आहे, आणि 'अस्-साहिब बिल्-जम्ब', म्हणजे बाजूचा सोबती, आहे. हा बाजूचा सोबती कोण? जारुल्लाह जमख्शरी (निधन ५३८ हिजरी) यांनी आपल्या तफसीरमध्ये त्याचा अर्थ सांगताना प्रवासातील सोबती, लागून राहणारा शेजारी आणि मजलिसमध्ये किंवा मशिदीत शेजारी बसलेला माणूस यांच्याबरोबर विद्या किंवा कसब शिकण्यातील सहकाऱ्याचाही उल्लेख केला आहे. म्हणजे वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा, प्रयोगशाळेत एकाच टेबलावर काम करणारा, वसतिगृहात समोरच्या कॉटवर झोपणारा. तो कोणत्या धर्माचा, कोणत्या जिल्ह्याचा, असा प्रश्न आयत विचारीत नाही. तो बाजूला आहे, एवढेच त्याच्या हक्कासाठी पुरेसे आहे.

हा हक्क प्रत्यक्षात कसा दिसतो? चार मुले एका खोलीत कॉट बेसिसवर राहतात. एकाचा फज्रचा गजर पाच मिनिटे वाजत राहतो आणि रात्री दोनपर्यंत प्रबंध लिहीत बसलेला दुसरा दचकून उठतो. गजर लावणाऱ्याला वाटते, मी तर अल्लाहच्या कामासाठी उठतो आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत मिकदाद (रजि.) सांगतात, की प्रेषित (स.) रात्री घरी येत तेव्हा जागा असलेल्याला ऐकू जाईल आणि झोपलेल्याची झोप मोडणार नाही, अशा बेताने सलाम करीत. ज्यांचा सलाम ही दुआ होती, त्यांनीही आवाजाचे माप सांभाळले. गजर उशीखाली ठेवावा आणि पहिल्या कंपनाला उठावे. दुसऱ्याची झोप हा त्याचा हक्क आहे.

खोलीच्या कराराचेही असेच. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पूर्ण करण्याचा आदेश आहे. दोघांचा करार करून चौघांनी राहणे, सुटीत घरमालकाला न सांगता खोली मित्राला देणे, जाताना शेवटच्या महिन्याचे वीजबिल मागे ठेवणे, मेसचे पैसे बुडवून शहर सोडणे, या गोष्टी विद्यार्थिदशेत चालायच्याच, असे मानले जाते. चालणाऱ्या नाहीत. ज्या मेसवालीचे सहाशे रुपये राहिले, तिला तुमचे गाव ठाऊक नाही. पण हक्कांचा हिशेब गावाच्या पत्त्यावर होत नसतो. नफिल नमाजींनी ते सहाशे रुपये फिटत नाहीत. ते देऊनच फिटतात, किंवा तिने माफ केल्यावर.

आणि शहराचेही देणे आहेच. पुण्यात राहणारा विद्यार्थी खडकवासल्याचे पाणी पितो, पीएमपीच्या बसने सवलतीचा पास काढून फिरतो, ग्रंथालयात दुसऱ्यांनी जपलेली पुस्तके वाचतो. पुस्तकातील पान फाडून नेणारा किंवा नळ उघडा टाकून वर्गाला जाणारा माणूस मागून येणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याचा हक्क मारतो. त्या विद्यार्थ्याची आणि त्याची गाठ या जगात बहुधा पडणार नाही. म्हणूनच ही बाब अधिक गंभीर आहे. ज्याची गाठ पडत नाही, त्याची माफी तरी कशी मागणार?

शहरच आपले म्हणत नसेल तर?

आता सर्वांत कठीण प्रश्न. काही तरुण म्हणतील, "आम्ही मुकीम व्हायला तयार आहोत, पण शहर आम्हाला होऊ देते का? खोली पाहायला जातो. भाडे ठरते, अनामत ठरते, आणि नाव सांगितले, की खोली अचानक 'नातेवाइकांसाठी' राखीव निघते. मग विद्यापीठ गणेशखिंडीत असताना आम्ही कोंढव्यात राहतो आणि रोज अख्खे शहर ओलांडतो. जे शहर नाव ऐकून दार लावते, त्याचे कसले देणे?"

हे दुःख खरे आहे. सब्र करा, एवढे सांगून ते झटकून टाकणे योग्य नाही. नाव ऐकून दार लावणे हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. प्रश्न आहे तो अन्याय झाल्यावर आपण कसे वागावे, हा. त्याचे सविस्तर उत्तर कुरआनने एका तरुणाच्या चरित्रातून दिले आहे, आणि तोही परक्या शहरात जाऊन पडलेला होता.

हजरत यूसुफ (अ.) मिसरमध्ये स्वेच्छेने गेले नव्हते, विकले गेले होते. त्या शहरात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. बंद दारांच्या आड त्यांची कसोटी लागली, तेव्हा पाहणारा अल्लाहशिवाय दुसरा कोणी नव्हता. गावापासून दूर असलेल्या प्रत्येक तरुणासमोर कधी ना कधी ती वेळ येते. त्यांनी आपली पवित्रता राखली आणि बक्षीस म्हणून तुरुंग मिळाला. त्या तुरुंगात त्यांनी काय केले? सोबतच्या दोन कैद्यांशी बोलताना आपण इब्राहीम, इसहाक आणि याकूब (अ.) यांच्या मार्गाचे अनुयायी असल्याचे त्यांनी उघड सांगितले (सूरह यूसुफ, आयत ३८). सर्वांत अगतिक अवस्थेतही त्यांनी आपली ओळख लपविली नाही. खोली मिळावी म्हणून दुसऱ्याचे नाव सांगण्याचा मोह होतो, तेव्हा हे आठवावे. खोट्या नावाने मिळालेल्या घरात माणूस दोन वर्षे स्वतःच्याच भीतीखाली राहतो. त्यापेक्षा दूरची खोली बरी.

पुढे राजाने त्यांना बोलावणे धाडले, तेव्हा ते लगेच निघाले नाहीत. माझ्यावरील आरोपाची आधी चौकशी होऊ द्या, असा निरोप त्यांनी परत पाठविला (आयत ५०). न्याय मागणे हे सब्राच्या विरुद्ध नाही, हे यावरून स्पष्ट होते. वसतिगृहात भेदभाव झाला, तर विद्यापीठाकडे लेखी तक्रार करावी, हक्क मागावा, शांतपणे आणि पुराव्यानिशी मागावा.

आणि निर्दोष ठरल्यावर? त्यांनी त्याच मिसरच्या धान्यकोठारांची जबाबदारी मागून घेतली (आयत ५५). ज्या शहराने तुरुंगात टाकले, त्या शहराला त्यांनी दुष्काळातून वाचविले. तेथील सामान्य माणसाची भूक त्यांनी दरबाराच्या अन्यायाशी जोडली नाही. आपल्यालाही घरमालक एक, आणि शहर अनेक, हे ओळखता आले पाहिजे. एकाने दार लावले म्हणून समोरच्या कॉटवरच्या सोबत्याचा हक्क रद्द होत नाही. तुटलेले नाते जो जोडतो तोच खरा नाते जोडणारा, केवळ परतफेड करणारा नव्हे, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) नातलगांच्या बाबतीत दिली आहे. शेजाराच्या बाबतीतही तिचा प्रकाश पुरतो.

अन्सार कोण होणार?

वाचकहो, येथवर विद्यार्थ्यांना सांगितले. परंतु मदीनेच्या कथेत मुहाजिर होते तसे अन्सारही होते. आपण फक्त पहिल्यांना उपदेश करणार काय?

हजरत मिकदाद (रजि.) यांच्याच हदीसच्या आरंभी एक प्रसंग आहे. ते आणि त्यांचे दोन सोबती भुकेने इतके खंगले होते, की डोळ्यांना दिसेना, कानांना ऐकू येईना. त्यांनी सहाबांपुढे स्वतःला ठेवून पाहिले. कोणी घरी नेले नाही, कारण ते सहाबा स्वतःच हलाखीत होते, असे भाष्यकार सांगतात. शेवटी प्रेषित (स.) त्या तिघांना आपल्या घरी घेऊन गेले. घरात तीन शेळ्या होत्या. त्यांचे दूध सर्वांनी वाटून प्यायचे, असे ठरले. ज्यांच्या चुलीत कित्येक दिवस जाळ होत नसे, त्या घरात तीन माणसे वाढली.

आज आपल्या शहरी वस्त्यांत अनेक घरे अशी आहेत, की मुले परदेशी गेली आणि एक खोली वर्षभर कुलूपबंद आहे. ती वाजवी भाड्याने दोन विद्यार्थिनींना दिली, तर काय बिघडेल? मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. सुरक्षित जागा मिळाली नाही, म्हणून किती मुलींचे शिक्षण पदवीवरच थांबते, हे प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. मशिदीच्या विश्वस्तांनीही विचार करावा. शेवटच्या सफेत तीन महिन्यांपासून उभा राहणारा तो मुलगा कोण, कुठला, आजारी पडला तर त्याच्या घरी कोण कळवील, हे आपल्यापैकी कोणाला माहीत आहे? आणि त्या मुलीला तर बहुतेक मशिदींत उभे राहायलाही जागा नसते. मदीनेच्या मशिदीत सुफ्फा होता. घरदार नसलेले सहाबा तेथे राहत आणि ज्ञान मिळवीत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांपैकीच एक. आपण मशिदीला संगमरवर लावतो. सुफ्फा मात्र विसरतो.

आश्रय देण्याची ही परंपरा या भूमीतही आहे. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंना मुलींच्या शिक्षणापायी घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिल्याचे सांगितले जाते. आणि १८५६ साली सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा आपुलकीने उल्लेख आहे. आज त्या विद्यापीठात शिकायला येणाऱ्या आपल्या मुलीला या शहरात परके वाटावे, असे काही कारण नाही. तिच्या आधीची एक फातिमा येथल्या शिक्षणाच्या कामात उभी होती.

आसरा घेणाऱ्यानेही आपली प्रतिष्ठा राखावी. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली, तेव्हा त्यांनी बरकतची दुआ दिली आणि बाजार कोठे आहे, तेवढे विचारले. संध्याकाळी ते स्वतः कमावलेले पनीर आणि तूप घेऊन परतले. एकाने अर्धे देऊ केले, दुसऱ्याने फक्त वाट विचारली. दोघेही मोठे. विद्यार्थ्याने शिकवण्या घ्याव्यात, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरावेत, मदत घ्यावी लागली तर ताठ मानेने घ्यावी आणि पुढे कोणाला तरी ती देण्याची निय्यत करावी.

आईवडिलांना एवढेच सांगायचे, की हजरत याकूब (अ.) यांनी मुलांना मिसरला धाडताना एकाच दाराने न शिरता वेगवेगळ्या दारांनी शिरण्याचा सल्ला दिला, आणि त्याच वेळी, अल्लाहच्या निर्णयापुढे माझा सल्ला काही करू शकत नाही, हेही सांगून टाकले (आयत ६७). सल्ला द्यावा, दुआ करावी, आणि मग मुलावर विश्वास ठेवावा. फोनवर रोज गुणांची चौकशी करण्याऐवजी कधी "तुझ्या खोलीतला सोबती कसा आहे?" असे विचारावे. त्या प्रश्नाने मुलाला कळते, की आपल्या घराला त्या सोबत्याचाही हक्क मान्य आहे.

मदीनेतील पहिला उपदेश

प्रेषित (स.) मदीनेत आले, त्या दिवसांत त्यांच्या मुखातून प्रथम जे शब्द ऐकले, ते हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांनी सांगून ठेवले आहेत. त्यांत चार गोष्टी होत्या : सलामचा प्रसार करा, लोकांना जेऊ घाला, नाती जोडून ठेवा, आणि लोक झोपलेले असताना नमाज अदा करा, म्हणजे शांतीने जन्नतमध्ये प्रवेश कराल. नव्या शहरात पाऊल ठेवलेल्या समाजाला दिलेला हा पहिला उपदेश आहे. आजच्या विद्यार्थ्याला याहून चांगली दिनचर्या कोण सांगणार? जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार-सलाम करा. गावाहून आईने पाठविलेला डबा खोलीतल्या सर्वांसमोर उघडा. घरी नियमाने फोन करा. आणि सारे शहर झोपलेले असते, ओळखणारे कोणी नसते, त्या वेळी त्याच्यापुढे उभे राहा, जो तुम्हाला गावातही ओळखत होता आणि येथेही ओळखतो.

अल्लाह आपल्या मुलामुलींना जेथे त्यांचा मुक्काम असेल तेथे ज्ञान, सुरक्षितता आणि चांगले शेजारी देवो. त्यांना त्या ठिकाणचे चांगले शेजारी बनवो. आपल्या घरांची दारे आणि आपली मने परक्यांसाठी खुली करो. आणि हा सारा प्रवास संपेल तेव्हा कोणाचेही देणे मागे न ठेवता आपणा सर्वांना त्याच्यापाशी पोहोचवो. आमीन.